शब्द आणि अर्थ : जपानी भाषेची थोडीशी ओळख

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं जो कोणी आज रिक्षांत बसून शाळेस आला असेल, त्यानें घरून निघतांना नकळत एक जपानी शब्द उच्चारला असेल. आपली 'रिक्षा' मूळची 'जिन्-रिकि-शा' आहे. 'जिन्' म्हणजे मनुष्य, 'रिकि' म्हणजे शक्ति व 'शा' म्हणजे गाडी. अर्थात् मनुष्यबळानें चालणारी गाडी. ही गाडी जपानांत इ. स. १८७० च्या सुमारास निघाली व तेथून आशियाखंडांतील अनेक शहरांत पसरली. माथेरानच्या चढणीवर माणसें जी रिक्षा ओढीत असत, तिला हें नांव अक्षरशः शोभत होतें. आजची तीनचाकी रिक्षा मात्र यंत्रानें धांवते. मौज अशी कीं, शब्द देशोदेशीं फिरून आपल्याकडे येईपर्यंत त्यांतला 'जिन्', म्हणजे माणूस, वाटेंतच गळून पडला होता!

दुसरा शब्द दुःखानें परिचित झाला. पूर्वींच्या पिढ्यांस जो शब्द बहुधा ठाऊक नव्हता, तो ता. २६ डिसेंबर २००४ रोजीं तमिळनाडू व अंदमान-निकोबार येथील किनाऱ्यांवर समुद्रानें अनर्थ केल्यानंतर घरोघरीं पोहोंचला. 'त्सुनामी' या शब्दांत 'त्सु' म्हणजे बंदर व 'नामि' म्हणजे लाट. खोल समुद्रांत ही लाट फारशी उंच नसते; किनाऱ्याजवळ आल्यावरच ती आपलें उग्र रूप प्रकट करते. हें ध्यानांत घेतलें म्हणजे 'बंदरांतली लाट' हें नांव किती नेमकें आहे तें कळतें.

अलीकडे पुण्यामुंबईकडील पुष्कळ तरुण जपानी भाषा शिकतात. त्यांच्या हातीं बहुधा शब्दांची यादी असते : डावीकडे जपानी शब्द, उजवीकडे त्याचा इंग्रजी अर्थ. अशी यादी उपयोगी आहे, यांत शंका नाहीं. परंतु यादी पाठ झाली म्हणजे भाषा आली, असें समजणें ही मोठी चूक होय. शब्द कळणें ही एक गोष्ट आणि अर्थ कळणें ही दुसरी. या दोहोंमधील अंतर दाखवावें, व मराठी बोलणाऱ्या मुलांस हें अंतर तोडण्याचीं कोणतीं साधनें घरींच मिळाली आहेत तें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

उच्चार आणि वर्णमाला

प्रथम उच्चारांविषयीं दोन शब्द. जपानी भाषेंत मूळ स्वर पांच : आ, इ, उ, ए, ओ. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तेथें फार महत्त्वाचा आहे. 'ओजिसान्' म्हणजे काका किंवा मामा. पण 'ओजीसान्' म्हणजे आजोबा. एका दीर्घ ईकारानें मनुष्य एक पिढी वर चढतो! पुढील शब्दांत 'ए' अथवा 'ओ' अधिक लांबवावयाचा असेल तेथें आम्हीं अवग्रह (ऽ) घातला आहे.

जपानी अक्षरांचा क्रम पाहिला तर आपल्यास ओळखीचें कोणी भेटल्यासारखें वाटतें. स्वरांनंतर का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा ओळी लागतात. आपली वर्णमालाहि कंठापासून ओठांपर्यंत अशीच उतरते व मग य, र, व यांकडे वळते. हा योगायोग नव्हे. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत मंत्र व ते लिहिण्याची सिद्धम् लिपि चीनमार्गें जपानांत गेली; तेथील भिक्षूंनीं तिचा अभ्यास केला; आणि त्या अभ्यासाची छाया त्यांच्या वर्णक्रमावर पडली. कांहीं शब्दहि त्याच वाटेनें गेले. 'क्षण' तेथें 'सेत्सुना' झाला, 'नरक' 'नाराकु' झाला. 'दान' या शब्दापासून 'दान्ना' निघाला. त्याचा अर्थ प्रथम दान देणारा यजमान, पुढें धनी, आणि आतां नवरा असाहि होतो. शब्द प्रवासास निघाला म्हणजे त्याचा अर्थहि त्याच्याबरोबर चालत असतो, हें येथें लक्षांत ठेवावें.

इंग्रजीची चाळण

यादींतील उजव्या बाजूचा इंग्रजी शब्द ही एक चाळण आहे. मूळ शब्दांतील बारीक अर्थ तिच्यांतून खालीं गळून जातो. उदाहरणार्थ, 'राइस' हा इंग्रजी शब्द घ्या. जपानींत त्याच्या जागीं चार निरनिराळे शब्द आहेत :

इने : शेतांत उभें असलेलें भाताचें पीक.
मोमि : टरफलासकट दाणा, म्हणजे साळ.
कोमे : सडून काढलेला तांदूळ.
गोहान् : शिजवलेला भात.

इंग्रज मुलास हा भेद मुद्दाम शिकवावा लागतो. कोंकणांतल्या मुलास तो जन्मतःच ठाऊक असतो. कोणीहि आई 'भात निवडून ठेव आणि तांदूळ वाढ' असें म्हणत नाहीं. शिवाय 'गोहान्' या शब्दाचा अर्थ जेवण असाहि होतो. सकाळच्या न्याहारीस 'आसा-गोहान्', म्हणजे सकाळचें जेवण, म्हणतात. भात म्हणजेच अन्न, ही समजूत भात पिकविणाऱ्या लोकांस निराळी समजावून द्यावी लागत नाहीं.

दुसरें उदाहरण कपड्यांचें. इंग्रजींत टोपी, कोट व जोडा या सर्वांस एकच क्रियापद चालतें. जपानींत अंगांत घालणें तें 'किरु', डोक्यावर घालणें तें 'काबुरु' आणि पायांत घालणें तें 'हाकु'. आपण तरी साडी नेसतों, सदरा घालतों व पागोटें बांधतों. 'सदरा नेसला' असें कोणी म्हटलें तर लहान मूलहि हंसेल.

तिसरें उदाहरण थंडीचें. हवा थंड असली तर 'सामुइ', आणि पाणी किंवा हात गार लागला तर 'त्सुमेताइ'. आपणांसहि थंडी 'वाजते', पण पाणी 'गार लागतें'.

नात्यांतहि असेंच आहे. इंग्रजी 'ब्रदर' हा थोरला कीं धाकटा तें कळत नाहीं. जपानींत थोरल्या भावास 'ओनीसान्' व थोरल्या बहिणीस 'ओनेऽसान्' म्हणून हांक मारतात. हे आपले दादा व ताई. मात्र परक्यांशीं स्वतःच्या थोरल्या भावाविषयीं बोलतांना 'ओनीसान्' न म्हणतां 'आनि' असें साधें नांव घेतात. आपल्या माणसाचा मान आपणच वाढवूं नये, अशी तेथील रीत आहे. उलट, काका आणि मामा यांस त्यांचा एकच शब्द आहे. तेथें मराठी अधिक बारकाईनें बोलते. सारांश, प्रत्येक भाषा आपल्या गरजेप्रमाणें कोठें बारीक तर कोठें ठोकळ असते.

वाक्याची ठेवण

जपानी वाक्यांत क्रियापद शेवटीं येतें व विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागून लागतात. 'आनाता वा सेइतो देस् का?' याचा अर्थ 'तुम्ही विद्यार्थी आहां का?' शब्दाखालीं शब्द ठेवून पाहा. क्रम जवळजवळ तोच आहे, आणि शेवटचा प्रश्नार्थक 'का' तर दोन्हीकडे एकच! तसेंच वाक्याच्या शेवटीं जपानी मनुष्य 'ने' म्हणतो, तेथें आपण 'ना' म्हणतों. परंतु यावरून दोन्ही भाषा बहिणी आहेत असा तर्क कोणीं करूं नये. मराठी ही आर्यभाषाकुलांतील असून जपानीचें कुल अगदीं वेगळें आहे. हें साम्य केवळ योगायोगाचें आहे.

साम्य योगायोगाचें असलें तरी अभ्यासास तें उपयोगी पडतें. 'ताबेते' म्हणजे खाऊन. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन पाहणें. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणें. येथील 'मिरु' या क्रियापदाचा मूळ अर्थहि डोळ्यांनीं पाहणें असाच आहे. जीभ चव घेत असतां डोळ्यांनीं पाहण्याचा काय संबंध, असें इंग्रज मुलगा विचारील. मराठी मुलास तो प्रश्नच पडत नाहीं.

याहून गोड उदाहरण घरून निघण्याच्या वेळचें आहे. जपानी मुलगा शाळेस जातांना उंबऱ्यावरून म्हणतो, 'इत्ते किमास्'. 'इत्ते' म्हणजे जाऊन, 'किमास्' म्हणजे येतों. आंतून आई म्हणते, 'इत्ते इराश्शाइ', म्हणजे 'जाऊन ये'. आपल्याकडेहि 'जातों' म्हणणें अशुभ मानतात. वडील माणसें लगेच 'येतों म्हण' अशी आठवण करतात. यादींत या शब्दांपुढें इंग्रजींत 'मी जातों' एवढाच अर्थ दिला, तर परत येण्याचें आश्वासन, जें त्या वाक्याचें हृदय आहे, तेंच नाहींसें होतें.

नित्याचीं संबोधनें

जेवावयास बसतांना जपानी माणसें हात जोडून 'इतादाकिमास्' असें म्हणतात. याचा अर्थ 'मी नम्रपणें घेतों'. 'इतादाकु' या क्रियापदाचा मूळ अर्थ मस्तकावर धारण करणें असा आहे. प्रसाद हातीं आला म्हणजे आधीं कपाळास लावून मग तो मुखांत घालणारा मनुष्य हा अर्थ शब्दकोशावांचून समजेल. जेवण झाल्यावर 'गोचिसोऽसामा' म्हणून अन्न देणाऱ्याचे आभार मानतात.

'आरिगातोऽ' म्हणजे आभार. हा शब्द पोर्तुगीज 'ओब्रिगादो' यापासून आला असें कित्येक सांगतात; तें खरें नव्हे. पोर्तुगीज लोक जपानांत येण्यापूर्वींच्या जुन्या ग्रंथांत हा शब्द आढळतो. त्याचा मूळ अर्थ 'असणें कठीण', म्हणजेच दुर्लभ. तुम्हीं केलें तें सहज घडणारें नव्हे, ही त्यांतील भावना. मात्र 'पान्', म्हणजे पावरोटी, हा शब्द जपानींत पोर्तुगीजांकडूनच गेला. आणि आपला 'पाव' त्याच पोर्तुगीज शब्दापासून आला. एकाच भट्टींतले हे दोन पाव, एक गोमांतकाच्या बाजूस उतरला व एक नागासाकीच्या!

'सुमिमासेन्' या शब्दाचा अर्थ यादींत 'माफ करा' असा असतो. त्याचा शब्दशः अर्थ 'संपत नाहीं' असा आहे. माझ्याकडून फेड पुरी झाली नाहीं, हा भाव. म्हणून धक्का लागला असतां, दुकानदारास हांक मारतांना, आणि कोणी उपकार केला असतांहि जपानी मनुष्य हाच शब्द वापरतो. तसेंच 'ओकागेसामा दे' म्हणजे 'आपल्या छायेमुळें'. 'कागे' म्हणजे सावली. आपणहि 'आपल्या कृपाछत्राखालीं सर्व कुशल आहे' असें वडिलांस लिहीत असूं.

शरीराचे वाक्प्रचार

आतां वाक्प्रचारांकडे वळूं. येथें शब्दशः अर्थ घेणारा हटकून फसतो. प्रथम ज्यांचा अर्थ मराठी वाचकास चटकन् कळेल असे पाहूं.

होने ओ ओरु : हाडें मोडणें. अर्थ, अतिशय कष्ट करणें. आपण हाडांचीं काडें करतों.
कुचि गा कारुइ : तोंड हलकें असणें. अर्थ, गुप्त गोष्ट न राहणें. आपल्याकडे अशा माणसाच्या तोंडांत तीळ भिजत नाहीं.
कुबि ओ नागाकु सुरु : मान लांब करणें. अर्थ, चातकाप्रमाणें वाट पाहणें.
मिमि गा इताइ : कान दुखणें. अर्थ, आपला दोष दुसऱ्यानें बोलून दाखविला असतां तो मनास लागणें.
काओ गा हिरोइ : चेहरा रुंद असणें. अर्थ, पुष्कळांशीं ओळखपाळख असणें.
नेको नो हिताइ : मांजराचें कपाळ. अर्थ, टीचभर जागा.
नेको ओ काबुरु : मांजर डोक्यावर घेणें. अर्थ, अंगीं खोड असून गरीब स्वभावाचें सोंग घेणें.

आतां जे वाक्प्रचार आपणांस चकवितात ते पाहा. 'मिझु नि नागासु' म्हणजे पाण्यांत सोडून देणें. मराठी मनुष्यास वाटेल, पैसे पाण्यांत गेले किंवा कोणी कोणास पाण्यांत पाहिलें. परंतु जपानींत याचा अर्थ, झालेंगेलें विसरून भांडण मिटविणें! एकाच पाण्यांत आपण द्वेष पाहतों, आणि ते द्वेष सोडून देतात.

'आशि ओ आराउ' म्हणजे पाय धुणें. आपल्याकडे पाहुण्यास प्रथम पाय धुण्यास पाणी देतात. तेथें या शब्दांचा अर्थ, वाईट धंदा किंवा वाईट संगत कायमची सोडणें. 'ते ओ याकु' म्हणजे हात भाजणें. पण तो आपला 'हात पोळणें' नव्हे. एकादें मूल किंवा काम आटोक्यांत येत नसलें म्हणजे जपानी मनुष्य असें म्हणतो.

'हारा' म्हणजे पोट. 'हारा गा तात्सु', पोट उभें राहणें, याचा अर्थ राग येणें. आपला राग तळपायापासून निघून मस्तकास जातो. त्यांचा पोटांतच उभा राहतो. उलट आपण दुसऱ्याचा अपराध पोटांत घालतों. शरीर सर्वांचें एकच. पण कोणत्या भावनेनें कोठें वस्ती करावी, हें प्रत्येक भाषा आपल्यापुरतें ठरविते.

कांहीं म्हणी

म्हणींत मात्र दोन्ही देशांचें शहाणपण पुष्कळदां एकत्र भेटतें.

'चिरि मो त्सुमोरेबा यामा तो नारु' : धूळहि सांठली तर पर्वत होतो. आपली म्हण, थेंबें थेंबें तळें सांचे.
'जूनिन् तोइरो' : दहा माणसें, दहा रंग. व्यक्ति तितक्या प्रकृति.
'हाना योरि दान्गो' : फुलांपेक्षां पिठाचे गोळे बरे. वसंतांत साकुराचीं फुलें पाहण्यास जमलेल्या लोकांचें लक्ष खाऊकडे असतें, त्यावरून ही म्हण. आधीं पोटोबा, मग विठोबा.
'उमा नो मिमि नि नेन्बुत्सु' : घोड्याच्या कानांत बुद्धाचें नामस्मरण. आपण यासाठीं घोडा न घेतां गाढव घेतों, व त्यापुढें गीता वाचतों.
'इ नो नाका नो कावाझु ताइकाइ ओ शिराझु' : विहिरींतल्या बेडकास महासागर ठाऊक नसतो. हा आपला कूपमंडूक.
'सारु मो कि कारा ओचिरु' : माकडहि झाडावरून पडतें. निष्णात मनुष्यहि केव्हां तरी चुकतो.
'इशि नो उए नि मो सान्नेन्' : गार दगडावरसुद्धां तीन वर्षें. तेवढा वेळ चिकाटीनें बसल्यास दगडहि ऊब धरतो.
'नाना कोरोबि या ओकि' : सात वेळां पडणें, आठ वेळां उठणें. परीक्षेंत अपयश आलेल्या मुलानें ही म्हण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

दोन म्हणी पवित्र शास्त्रांतून जपानींत गेल्या आहेत. 'बुता नि शिन्जु', डुकरापुढें मोतीं, हें वचन मत्तयाच्या शुभवर्तमानांतील होय. आणि 'मे कारा उरोको गा ओचिरु', डोळ्यांवरून खपले गळून पडणें, हें पौलाच्या कथेंतून आलें. दिमिष्क येथें त्याची दृष्टि परत आली तेव्हांचें हें वर्णन आहे. आज जपानांत ख्रिस्ती नसलेला मनुष्यहि एकादी गोष्ट एकाएकीं उमगली म्हणजे हेंच वाक्य बोलतो. त्या कथेची माहिती नसतांहि तिच्यांतील उपमा घरोघरीं नांदत आहे.

एका शब्दाची चूक

येथवर वाचून कोणी म्हणेल, शब्दांची ही गंमत ठीक; पण एका शब्दाचा अर्थ थोडा चुकला म्हणून काय बिघडतें? याचें उत्तर इतिहासांत आहे, आणि त्या गोष्टीचा आरंभ आपल्या शेजारीं गोमांतकांत होतो.

कागोशिमा येथील आन्जिरोऽ नांवाचा जपानी गृहस्थ हातून मनुष्यवध झाल्यामुळें देश सोडून निघाला. मलाक्का येथें त्याची संत फ्रान्सिस झेवियर यांच्याशीं गांठ पडली. पुढें तो गोव्यास आला, तेथील सेंट पॉल विद्यालयांत शिकला, आणि इ. स. १५४८ त त्याचा बाप्तिस्मा झाला. १५४९ सालच्या आगस्ट महिन्यांत झेवियर त्याच्यासह कागोशिमास उतरले. परमेश्वरास जपानींत काय म्हणावें, असा प्रश्न होता. आन्जिरोऽ बुद्धिमान होता, पण धर्मशास्त्रांत पारंगत नव्हता. त्यानें 'दाइनिचि' हा शब्द सुचविला. 'दाइ' म्हणजे महान्, 'निचि' म्हणजे सूर्य. शब्द भव्य होता. परंतु शिंगोन पंथाचे बौद्ध ज्यास भजतात त्या महावैरोचन बुद्धाचें तें नांव होतें.

झेवियर 'दाइनिचीची उपासना करा' असें सांगूं लागले. शिंगोन भिक्षूंनीं त्यांचें आदरानें स्वागत केलें. कारण हा परदेशी साधु आपलाच धर्म सांगतो आहे, असें त्यांस वाटलें! १५५१ त यामागुचि येथें अधिक चौकशी केल्यावर झेवियर यांस खरा प्रकार कळला. त्यांनीं तो शब्द तत्काळ टाकिला व लॅटिन 'देउस्' हाच शब्द योजिला. पण येथेंहि शब्दानें दगा दिला. विरोधक त्याचा उच्चार 'दाइ-उसो' असा करूं लागले. 'दाइ-उसो' म्हणजे महान् असत्य!

यांतून मिशनरी मंडळींनीं जो धडा घेतला तो स्मरणीय आहे. त्यांनीं भाषेचा कसून अभ्यास आरंभिला. युरोपांतून आणलेला एक छापखाना गोव्यामार्गें जपानास गेला. वाटेंत, १५८८ सालीं, हारा मार्तिन्यो या जपानी तरुणाचें लॅटिन भाषण त्यावर गोव्यासच छापलें गेलें. पुढें १६०३ त येशूसंघाच्या मंडळींनीं नागासाकी येथें जपानी-पोर्तुगीज शब्दकोश प्रसिद्ध केला. त्यांत सुमारे ३२,००० शब्द आहेत; केवळ पंडितांचे नव्हे, तर बाजारांतले, स्त्रियांच्या बोलण्यांतले व प्रांतोप्रांतींचेहि. त्या काळची बोलभाषा जाणण्यास जपानी विद्वान् आजहि तो कोश उघडतात. १८६७ सालीं अमेरिकन मिशनरी डॉक्टर हेपबर्न यांनीं आपला जपानी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. रोमन लिपींत जपानी लिहिण्याची एक प्रचलित पद्धति त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. चूक झाली म्हणून ही मंडळी खचलीं नाहींत. चुकीनें त्यांस विद्यार्थी केलें.

दुसरी गोष्ट जवळच्या काळांतली व फार गंभीर आहे. ता. २६ जुलै १९४५ रोजीं दोस्तराष्ट्रांनीं पॉट्सडॅम येथून जपानास शरण येण्याविषयीं जाहीरनामा काढला. ता. २८ रोजीं पंतप्रधान सुझुकी यांनीं वृत्तपत्रकारांशीं बोलतांना त्याविषयीं 'मोकुसात्सु' हा शब्द वापरला. 'मोकु' म्हणजे मौन, 'सात्सु' म्हणजे मारणें, मौनानें मारणें. याचा अर्थ 'तुच्छतेनें दुर्लक्ष करणें' असा होतो; 'तूर्त कांहीं न बोलणें' एवढाच पंतप्रधानांचा आशय होता, असेंहि कित्येक म्हणतात. जगभर पहिलाच अर्थ गेला : जपानानें जाहीरनामा झिडकारला. ता. ६ आगस्ट रोजीं हिरोशिमावर व ता. ९ रोजीं नागासाकीवर अणुबाँब पडले. एका शब्दामुळेंच हें घडलें असें म्हणणें योग्य नव्हे. युद्धाचीं कारणें अनेक होतीं व इतिहासकारांचें या बाबतींत एकमत नाहीं. परंतु लाखों माणसांचे प्राण ज्या उत्तराकडे लागले होते, तें उत्तर दोन अर्थांच्या शब्दांत दिलें गेलें, एवढी गोष्ट निर्विवाद आहे. 'कुचि वा वाझावाइ नो मोतो', तोंड हें संकटांचें मूळ, ही जपानी म्हणच आहे.

उपसंहार

आतां, ज्यांस जपानी किंवा दुसरी कोणतीहि परभाषा शिकावयाची असेल, त्यांनीं तीन नियम पाळावे.

पहिला : शब्द एकटा पाठ करूं नये, वाक्यासह करावा. शब्द हा घरांतल्या माणसासारखा आहे. त्याचें घर पाहिल्यावांचून त्याची ओळख पुरी होत नाहीं.

दुसरा : इंग्रजी अर्थापाशीं थांबूं नये. त्याच्या पुढें तिसरा रकाना आंखून त्यांत आपला मराठी अर्थ लिहावा. 'गोहान्' याच्यापुढें 'भात' आणि 'इत्ते किमास्' याच्यापुढें 'जाऊन येतों' असें लिहिलें कीं पाठांतराचें निम्में ओझें उतरतें.

तिसरा : साम्य दिसलें कीं आनंद मानावा, पण सावध राहावें. 'पाणी' आणि 'हात' हे ओळखीचे शब्दच अनेकदां फसवितात. शंका आल्यास विचारण्याची लाज धरूं नये. झेवियर यांस जें विचारून कळलें, तें न विचारतां कधींच कळलें नसतें.

पालकांसहि एक नम्र विनंति आहे. मुलास परभाषा लवकर यावी म्हणून घरांतील मराठी बंद करण्याची चाल कांहीं ठिकाणीं दिसते. वरील उदाहरणें पाहिल्यास हा केवढा तोटा आहे तें कळेल. ज्या मुलास साळ, तांदूळ व भात यांतला भेद आजीच्या सुपाजवळ कळला आहे, त्यास जपानी शिक्षकानें तो शिकविण्याचें कारण उरत नाहीं. मायबोली ही परभाषेची सवत नसून तिची थोरली बहीण आहे. तिचा हात धरूनच मुलांनीं परक्या घरांत पाऊल टाकावें.

जपानी भाषेची जी सर्वत्र मान्य परीक्षा आहे, तिच्या २०१० सालापासून पांच पायऱ्या आहेत. सर्वांत सोपी एन ५ व सर्वांत कठीण एन १. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पहिल्या पायरीवर चढण्याचा निश्चय करील, तर या लेखाचें चीज झालें असें आम्ही समजूं. पायरी निसटली तर 'नाना कोरोबि या ओकि' आहेच!

आणि निरोप घेतांना आम्हीहि 'जातों' म्हणत नाहीं. इत्ते किमास्, जाऊन येतों.